कारखान्याखालचा डोह

मंडळी, आज एक साधाच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. माणूस चांगलं काम करायला निघाला, मनात काडीचंही वाईट नाही — आणि त्याच कामानं कुणाचं तरी नुकसान झालं. तर "माझ्या मनात तसं नव्हतं हो" एवढं म्हटलं की तो सुटतो का? माना डोलवायची घाई करू नका. आधी ऐका.

निंबखेड्यात लिंबाजी भोई नावाचे गृहस्थ होते. नदीच्या डोहात जाळं टाकायचं, मासे विकायचे, पिढ्यान् पिढ्या हेच. पण पुढं पुढं काय व्हायला लागलं — जाळं जड लागायचं, म्हातारा हरखायचा, आणि वर ओढलं की दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, गाठ मारलेली निर्माल्याची थैली. हसताय? त्यातली एखादी तुमचीही असेल.

त्यांचा मुलगा परसराम. त्याला बापाचा तो चेहरा बघवेना. म्हणाला, "आबा, ही घाण मी संपवतो." त्यानं काठावर शेड टाकली, यंत्रं आणली. गावोगावचं प्लास्टिक गोळा करायचं, दळून चुरा करायचा, तो धुवायचा, वितळवून त्याचे दाणे पाडायचे. पुढं त्या दाण्यांच्या बादल्या होतात, पाइप होतात. वर्षभरात काठ लख्ख झाला. ग्रामसभेत परसरामला शाल-श्रीफळ मिळालं. लिंबाजी पहिल्या रांगेत डोळे पुसत बसले होते.

आता मला सांगा — चुरा धुतला, ते पाणी गेलं कुठं? गेलं चरातून थेट नदीत! परसरामला वाटायचं, पाणीच तर आहे.

पुढच्या वर्षी लिंबाजींनी डोहावर जाणं सोडलं. "गुडघे धरलेत," म्हणायचे. परसराम म्हणायचा, "बरं झालं, आता आराम करा." दोन वर्षं अशीच गेली.

मग एकदा परसरामची बहीण शेवंता माहेरी आली. म्हणाली, "दादा, आपल्या डोहातला मासा खाऊन किती दिवस झाले." परसराम उठला, खुंटीवरचं जाळं घेतलं आणि शेडच्या खालच्या अंगाला गेला. सकाळभर थांबला, तेव्हा कुठं हातभर मरळ मिळाली.

आई मासा साफ करायला बसली. पोट चिरलं — आणि आतून निळे, पांढरे बारीक कण निघाले. रव्याएवढे. परसरामनं ते ओळखले. रोज त्याच्या हाताला चिकटायचे तेच.

त्यानं आईकडं पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसेना.

"माय, तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या आबांनी दोन वर्षांमागंच पाहिलं," ती हळूच म्हणाली. "मला म्हणाले, पोराला सांगू नको."

परसराम ओट्यावर गेला, बापाच्या पायाशी बसला. "आबा, बोलला का नाही?"

लिंबाजी म्हणाले, "तू माझ्यापायी हे उभं केलंस. लोक तुला मान देत होते. वाटलं, पोराचं मन कशाला मोडू? चुकलंच माझं. तेव्हाच बोललो असतो, तर डोह वाचला असता."

"नाही आबा," परसराम म्हणाला, "चर मी खणला होता."

त्यानं त्याच दिवशी यंत्रं बंद केली. हौद बांधले, जाळ्या बसवल्या, तेच पाणी फिरवून वापरायची सोय केली आणि मगच काम सुरू केलं. तरी हौदाच्या तळाशी गाळ साचतोच. त्याची पोती शेडमध्ये रचलेली आहेत. टाकायची कुठं, अजून त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. आणि डोहात बसलेले कण? ते आता कुणाच्या बापाला वेचता येणार नाहीत. लिंबाजी पुढच्याच उन्हाळ्यात वारले. पुन्हा जाळं टाकलं नाही त्यांनी.

तर मंडळी, सुटला का परसराम? तो स्वतःला सोडत नाही, मग मी कोण सोडणार? पण त्यानं दळल्या त्या पिशव्या त्याच्या घरच्या नव्हत्या. तुमच्या-माझ्या घरून गेल्या होत्या. "पुढं कुणीतरी करतोच की त्याचं काहीतरी" — असं म्हणत आपण त्या टाकल्या.

आणि एक कबुली देतो. उद्याच्या महाप्रसादाला प्लास्टिकचे द्रोण आणलेत. मंडपामागं गठ्ठे आहेत. मी परवाच पाहिले, पण यजमानांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. लिंबाजींची चूक निदान लेकाच्या मायेपोटी होती. माझी नुसत्या भिडेपोटी.

आज बोललो. आता टाळ उचला, नाम घेऊ — आणि उद्या येताना घरून ताट घेऊन या.