एका प्याल्यातली मंडळी

बयाबाई: खोकं तिथंच उंबऱ्याशी ठेवा, पाळकसाहेब. आत आणू नका. माझे हात चिंचेनं बरबटलेत, आन् त्यात काय हाये ते मला म्हाईत हाये.

आदेश: तुम्हाला कोणी सांगितलं?

बयाबाई: कुनी कशाला सांगाया पायजे? काल आळेफाट्याला एश्टीतनं उतरताना तुमी ते लेकरावानी पोटाशी धरलं व्हतं. काच हाये, काच हाये म्हनून कंडक्टरला वरडत व्हता. तितक्यात तुमच्या मंडळीतल्या तीन बाया तिथंच भाजी घेत उभ्या. किती आणलेत?

आदेश: साठ. लहानसे काचेचे पेले आहेत, अंगठ्याएवढे. ठेवायला भोकं पाडलेल्या लाकडी ताटल्याही आहेत. नगरकडं आता बऱ्याच चर्चमध्ये असेच वापरतात, बयाबाई. पुण्यातही. त्यात वावगं काही नाही.

बयाबाई: मी कुठं म्हनलं वावगं? पर उद्या प्रभुभोजन, आन् आज तुमी सांगाया आलाय. एकतीस वरसं झाली. म्हैन्याच्या पहिल्या आयतवारच्या आदल्या दिशी मी ह्यो प्याला चिंचेनं घासती, मनुका भिजवून रस काढती, चपात्या लाटती, आन् समदी मंडळी ह्याच एका प्याल्यातनं पिती. ह्या प्याल्याचं आता काय करायचं?

आदेश: प्याला टेबलावरच राहील. प्रार्थना त्याच्यावरच होईल. फक्त...

बयाबाई: फक्त त्यातनं कुनी प्यायचं न्हाई. शोकेसातल्या बाहुलीवानी नुसतं बघायचं त्येच्याकडं.

आदेश: तुम्ही रागावलात.

बयाबाई: रागवीन, कामं आटोपली की. तो पाट घ्या, बसा. आन् ह्ये कुनापायी चाललंय ते बोला. नाव घ्या की. जीभ का अडकतीय?

आदेश: वैजयंतीताईंमुळं. म्हणजे त्यांच्या आजारामुळं. परवा दादाभाऊ सगळ्या पंचांना घेऊन माझ्याकडं आले होते. म्हणाले, तिच्यासंगं एका प्याल्यातून प्यायचं असेल तर आम्ही रविवारी येणार नाही. अकरा घरं येणार नाहीत. आपली मंडळी ती केवढी? चोवीस घरांची.

बयाबाई: दादाभाऊला आत्ता जाग आली व्हय? तिच्या नवऱ्याला, सोपानला माती देऊन तीन वरसं झाली. ट्रकवर लांबलांब जायाचा, ते दुखनं घिऊन आला, बायकूला देऊन गेला. तवापासनं सगळ्यांना ठावं हाये. एड्स म्हनत न्हाईत, "तसलं" म्हनत्यात, एवढंच.

आदेश: आता टीव्हीवर सारखं दाखवतात ना. लोक जास्तच घाबरलेत. मी डॉक्टरांना विचारून आलो. प्याल्यातून तो आजार लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. पंचांना तसं सांगितलं. तर दादाभाऊ म्हणाले, डॉक्टर येणार आहे का तिच्यामागून प्यायला?

बयाबाई: आन् दादाभाऊची आई? गोजरबाई वरीसभर खाटंवर पडून हाये. तिच्या पाठीला जखमा झाल्यात, त्या कोन धुतंय? रोज सकाळी वैजयंती जाती. म्हातारीला कुशीवर वळवती, पुसून घेती, पेज भरवती. घरची सून नाकाला पदर लावून दारात उभी ऱ्हाती. आईच्या जखमंला हिचे हात चालत्यात, आन् प्याल्याला हिचं तोंड चालत न्हाई!

आदेश: हे मी त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं.

बयाबाई: मग बोलला का न्हाई?

आदेश: घाबरलो. खरं सांगतो, घाबरलो. इथं येऊन मला दोन वर्षं झाली नाहीत. माझ्या हातून मंडळी फुटली, तर मी पाळक कसला? शंभरातलं एक मेंढरू हरवलं की मेंढपाळ नव्व्याण्णव तिथंच सोडून त्याला शोधायला जातो, हा दाखला मी उपदेशात नेहमी सांगतो. लोक माना डोलावतात. पण त्या नव्व्याण्णवांनीच येऊन दम भरला, की त्या एकाला बाहेर ठेव, नाहीतर आम्ही जातो, तर मेंढपाळानं काय करायचं? ते त्या दाखल्यात नाही, बयाबाई.

बयाबाई: दाखल्यात सगळंच लिहून ठेवलं आसतं, तर तुमाला इथं कशाला धाडलं आसतं?

(वैजयंती दुधाची किटली घेऊन दारात येऊन थांबते.)

वैजयंती: सलाम, साहेब. मावशी, हे खोकं ओलांडून येऊ का?

बयाबाई: ये की. पाय लागला तरी चालंल.

वैजयंती: मी मघाधरनं बाहेर हौदापाशी उभी होते. सगळं ऐकलं. नाय ऐकलं म्हणाले तर ते खोटं होईल.

आदेश: ताई, मला माफ करा. तुमच्याशी आधी बोलायला पाहिजे होतं.

वैजयंती: माफी कशाला? तुमची अडचण मला कळते. पेले चांगलेत. उद्या मी त्यातून घेईन, नायतर येतच नाय. माझ्यापायी अकरा घरं तोडू नका.

बयाबाई: येत न्हाई म्हंजी काय?

वैजयंती: दमले हो मावशी. एक बोलायचं राहिलंय. बोलणार नव्हते, पण आता विषयच निघालाय. नाताळाच्या आधी मी पंधरा दिवस पुण्याला दवाखान्यात होते ना?

बयाबाई: न्यूमोनिया झाला व्हता. आमी सगळ्यांनी प्रार्थना केली तुझ्यासाठी.

वैजयंती: तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला खोकला आहे का? म्हटलं, घरात मी एकटीच. मग कोणाचं उष्टंबिष्टं खाता का? म्हटलं, माझं उष्टं तर सोडाच, एका गोजरबाई सोडल्या तर मी शिवलेलं पण कोणी खात नाय. मग आठवलं. म्हटलं, महिन्यातून एकदा चर्चमध्ये आम्ही साठ जण एकाच प्याल्यातून पितो. त्यांनी विचारलं, तुमचा नंबर कितवा? मी म्हटलं, शेवटचा. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

आदेश: का?

वैजयंती: म्हणाल्या, अहो, तुमच्यापासून त्या लोकांना प्याल्यातून काही होणार नाही. पण त्यांची सर्दी, त्यांचा खोकला तुमच्या अंगाला झेपायचा नाही. तुमच्यात ताकदच राहिलेली नाही. त्यांनी तुम्हाला जपायला पाहिजे. आणि तुम्ही साठ माणसांच्या तोंडचं पिताय.

आदेश: अरे देवा!

वैजयंती: त्यानंच झालं, असं त्या म्हणाल्या नायत. कुठूनही होतं म्हणाल्या. म्हणून मी कोणाला बोलले नाय. दादाभाऊंना तर मुळीच नाय. त्यांना वाटायचं, मी उलटा आळ घेते.

आदेश: बयाबाई? काय झालं? बसा, बसा. तो प्याला द्या इकडं.

बयाबाई: ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. साहेब, हिला शेवटाला कुनी बसवलं, ठावं हाये का?

आदेश: पंचांनी ठरवलं असेल, मी यायच्या आधीच.

बयाबाई: मी बसवलं.

वैजयंती: मावशी, जाऊ द्या ना ते.

बयाबाई: न्हाई, बोलू दे. आमच्यात कोन कुनाशेजारी बसायचं ते लगीन हून आल्यापासनं ठरल्यालं. ही बायांच्या वळीत तिसरी बसायची. सोपान गेल्यावर पहिल्या आयतवारी ही आपल्या जागंवर येऊन बसली, तर दोन्ही बाजूच्या बाया उठून मागं गेल्या. मधी ही एकटी, पांढऱ्या लुगड्यात. मला बघवंना. मी हिला हाताला धरून उठवलं. म्हनलं, पोरी, तू दारापाशी माझ्याजवळ बस. शेवटाला पी. तुझ्या मागं कुनी प्यायचंच न्हाई, म्हंजी कुनाला तोंड वाकडं करायला जागा न्हाई. मला वाटलं, मी लई शानपन केलं. हिला अपमानातनं सोडवलं.

आदेश: तुमचा हेतू चांगलाच होता.

बयाबाई: हेतूचं घिऊन बसू नका. बायांच्यात प्याला मीच फिरवती. साठ जनांचं उष्टं तीन वरसं ह्याच हातानं मी हिला पाजलं. आन् अजून हाये. मी सवता कवा पिती? हिच्या आदी. दर वक्ताला. हिला द्यायच्या आदी मी माझा घोट घिऊन टाकती. म्हनायची, मायच्या मायेनं करती मी समदं. आत्ता इथं बसल्या बसल्या कळलं मला. दादाभाऊ भ्याला तसा मी बी भ्याले व्हते. तो बोलून दाखवतो, मी गोड बोलून भागवलं.

वैजयंती: मावशी, तुम्ही जवळ बसायच्या म्हणून तर मी येत राहिले. नायतर तेव्हाच सुटलं असतं माझं चर्च.

बयाबाई: गप. माझी बाजू घेऊ नगंस. मला लाज वाटतीय, ती वाटू दे.

आदेश: ताई, मग तर पेलेच बरे, नाही का? तुम्हाला कोणाच्या खोकल्याचा धोका नाही, आणि दादाभाऊंचंही समाधान होईल.

वैजयंती: खरं आहे. पेल्यातलं मला बाधणार नाय. डॉक्टरीणबाई पण हेच म्हणतील. पण साहेब, ते पेले तुम्ही माझी काळजी म्हणून आणले असते, तर मी स्वतः धुऊन पुसून मांडले असते. ते माझ्यापासून वाचायला आणलेत. ते मी कसं विसरू?

आदेश: मग तुम्हाला काय हवंय?

वैजयंती: मला?

आदेश: हो. तुम्हाला.

वैजयंती: हे मला कोणी विचारलंच नव्हतं, साहेब. थांबा जरा... सोपान गेल्यावर काही दिवसांनी मी माहेरी गेले, येडगावला. तिथं माझं ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा, खाट गोठ्याजवळ. महिन्यानं परत आले, तर इकडं जाऊबाईंनी माझं अंथरूण जाळून टाकलेलं. तेव्हापासून माझ्याजवळ सगळं माझं-माझंच आहे. माझी वाटी, माझी कळशी, माझी दोरी, कपडे वाळत घालायची. गोजरबाईंना पुसून घेते तेव्हा त्या माझा हात धरून ठेवतात. तेवढं एक, आणि तो प्याला. महिन्यातून एकदा घोटभर. तो माझा एकटीचा नसतो, सगळ्यांचा असतो. मला तेवढं पाहिजे. दुसरं काय पाहिजे असणार?

आदेश: वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री प्रभूनं शिष्यांपुढं प्याला केला, तेव्हा त्याला धरून देणारा तिथंच बसला होता. त्याला ओळखत नाही म्हणणाराही होता. प्रभूला दोघं ठाऊक होते. तरी कोणालाही त्यानं दारापाशी बसवलं नाही. पाळकाचं शिक्षण घेताना यावर मी पेपर लिहिलाय, ताई. मला सगळ्यांत जास्त मार्क पडले होते.

बयाबाई: त्या मार्कांचं आज काय करनार? वैजयंती, डॉक्टरीण काय म्हनली ते परत सांग. तुझ्यापासनं आमाला काय व्हत न्हाई, आमच्यापासनं तुला व्हतं. आसंच ना?

वैजयंती: असंच.

बयाबाई: मग सोपं हाये की! आमी तुला उलट्या टोकाला बसवलं व्हतं. प्याला भरला, की कुनाचं बी तोंड लागायच्या आदी हिनं प्यायचं. पंचांच्या आदी, पुरुषांच्या आदी. साहेब, तुमच्या बी आदी.

आदेश: पहिल्यांदा पाळकानं घ्यायचा, अशी आपली रीत आहे.

बयाबाई: आपली रीत मीच सांबाळली इतकी वरसं. त्या रीतीनं पोरीचं काय झालं, ऐकलं न्हवं तुमी?

आदेश: ऐकलं. बरोबर आहे तुमचं. पण अकरा घरं, बयाबाई...

बयाबाई: आज सांजच्याला मी दादाभाऊकडं जाती. भांडाया न्हाई. त्येला ह्या जगात मीच आणलाय, दाई म्हनून. गोजरबाईच्या खाटंवर बसून त्येला समदं सांगती, माझं पाप सुदीक. आन् ह्ये पेले बी ऱ्हाऊ द्या. उद्या टेबलावर दोन्ही मांडा. ज्येला भ्या वाटतंय त्यानं पेल्यातनं घ्यावं, कुनी कुनाला हसायचं न्हाई. भ्या वाटनं ह्ये पाप न्हाई. पर भ्यालेल्यानं दुसऱ्याची बसायची जागा ठरवायची न्हाई.

आदेश: आणि तरी ते उठून गेले तर?

बयाबाई: तर लई वाईट वाटंल. मी रडंन. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात भेटले, की पुन्ना बोलीन त्येंच्याशी.

आदेश: मीही येतो आज तुमच्याबरोबर. दादाभाऊंना जे सांगायचं राहिलं, ते मीच सांगायला पाहिजे.

वैजयंती: साहेब, मला एक भीती वाटते.

आदेश: बोला.

वैजयंती: उद्या मी सगळ्यांच्या आधी प्याले, आणि नंतर सगळ्यांनी पेलेच उचलले तर? साठ जणांनी? मग तो प्याला पण माझा एकटीचा होईल.

आदेश: नाही होणार. तुमच्यानंतर मी पिईन, ताई. लगेच. सगळ्यांसमोर.

बयाबाई: तुमी तिसरं प्या, साहेब. हिच्या मागचा घोट माझा हाये. तीन वरसांचा ऱ्हायलाय.