बाईंचं हवामान

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्यालयातून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती बाई, त्यांच्या शेजारी बसून मघापासून माझ्याकडे रोखून पाहणाऱ्या त्यांच्या नणंदबाई, आणि वेधशाळेतल्या माझ्या विद्वान सहकाऱ्यांनो,

मला 'जरा हसवा' म्हणून उभं केलंय. प्रयत्न करतो.

आपण कोण? पारा केसभर सरकला तरी दचकणारी माणसं. आणि भर उन्हाळ्यात बाई स्वेटर घालून बसायच्या, तेव्हा आपण काय केलं? पंखा वाढवला. त्यांचा आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, 'चहा घेता का?' एवढ्यावर डोळ्यांत पाणी. आपलं निदान? 'सुनेशी बिनसलं असेल.' सून नाहीच त्यांना. पण अंदाज वर्तवायची आपली हौस दांडगी.

मग यंत्रखोलीतल्या फळ्यावर कोपरा राखला: 'बाईंचं हवामान'. रोज सकाळी भाकीत. 'गडगडाटाची शक्यता.' अक्षर माझं, टाळ्या तुमच्या.

एके सकाळी बाईंनी ते वाचलं. खडू उचलला. आपल्या शिस्तीप्रमाणे चुकीची नोंद पुसली नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारून वर लिहिलं, 'दाट धुकं. समोरचं दिसत नाही.'

केवढं अचूक निरीक्षण! आणि आपण? खो खो हसलो. त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला.

मग नणंदबाई घरी आल्या, हात हातात घेतला. 'वहिनी, एवढा गार? चल, आधी रक्त तपासू.' थायरॉइड मंदावलं होतं. गळ्यातली एवढीशी ग्रंथी; तिचं संप्रेरक कमी पडलं की मन उदास होतं, चिडतं, विसरतं. गोळ्या सुरू झाल्यात, धुकं हळूहळू विरतंय. काल बाई म्हणाल्या, 'सांग सगळ्यांना. पण कीव नको. मला त्या रडण्याची फार लाज वाटायची रे.'

लाज त्यांना वाटत होती, मंडळी. त्यांना!

राजीनामा आज संध्याकाळपर्यंत मागे घेता येतो, हे अध्यक्षांनीच मला मघाशी चहा घेताना सांगितलं. म्हणून बाई, माझं गाडं आता हसवण्यावरून विनवण्यावर आलंय. या मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'निरोप' लिहिलंय. हीसुद्धा चुकीची नोंद आहे. रेघ मारू?

ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. फळ्याचं मात्र घालू नका, बाई. ते आम्हाला टोचू दे.

काय म्हणालात? जरा मोठ्याने. 'तुझी रेघ वाकडी येते, खडू इकडे आण'?

आणला, बाई.