शाई का शिसपेन्सिल?

...न्हाई, पण तुम्हीच सांगा, माणसाला असं विचारतात का? दारात माझ्याच बाजेवर बसून, मांडीवर कागदाचा गठ्ठा, हातात शाईचा पेन, कानावर शिसपेन्सिल, अन् म्हणे, "भिवाबाबा, तुमच्या घरात कायमचं काय अन् जाणारं काय, ते सांगा." अहो, सत्तरीच्या माणसाला! सकाळी सकाळी!

तुम्हाला सांगतो, काकासाहेब गुरुजी माणूस वाईट न्हाई. आमच्याच गावच्या शाळेत शिकवतात. पण सरकारनं त्यांना परतूरला नेऊन तीन दिवस शिकवलं, अन् शिकवणाऱ्याला कोणी शिकवलं की मंग तो गावाला सोडतो होय? नव्या वस्तीत घराला जागा मिळणार, त्याची ही यादी. यादी जाणार मुंबईला. तिथं म्हणे खोलीएवढी मशीन आहे, पुठ्ठ्यावरची भोकं वाचती. वाचू दे बापडी, मला तर तेवढंही येत न्हाई. पण तिला आधी सांगावं लागतं, काय बदलत न्हाई अन् काय बदलतं. बदलत न्हाई ते शाईनं, बदलतं ते शिसपेन्सिलीनं. अन् जागेवर हक्क शाईतल्याचाच.

बरं. पहिली विहीर. "विहीर शाईत," गुरुजी म्हणले. म्हणलं, "अन् पाणी?" "पाणी पेन्सिलीत." हे मला बिलकुल पटलं. बहात्तरपासून आमचं पाणी पेन्सिलीतच आहे.

मंग जनावर. म्हणलं, "ढवळ्या होता." "ढवळ्या न्हाई बाबा, बैल म्हणा. ढवळ्या जातो, बैल राहतो." आता बघा! ढवळ्या दुष्काळात गेला, त्याचं दावं अजून खुंटीला आहे, दोन वर्षं मी दुसऱ्याच्या औताची वाट बघून राह्यलो... अन् हे म्हणतात, बैल राहतो! म्हणलं, "कुठं राहतो गुरुजी? दाखवा, आत्ता जुंपतो." तर म्हणे, "अहो, बैल हा प्रकार आहे! प्रकार मरत न्हाई." बराबर आहे. प्रकाराला चारा लागत न्हाई, कशाला मरंल तो?

मंग धर्म. गुरुजी पेन टेकवूनच म्हणले, "हा शाईत. हा बदलत न्हाई." म्हणलं, "थांबा! आमचा बदललाय की, छप्पन साली. सगळ्या घरानं डोळे उघडे ठेवून बदलला." पेन हवेतच! "मंग बाबा... शाई का शिसपेन्सिल?" म्हणलं, "आपल्या मनानं बदलला, आता हलत न्हाई. शाई! दोनदा गिरवा!" 'बौद्ध' लिहिलं त्यांनी. मी त्या ओल्या अक्षराला बोट लावून बघितलं. बोटाला शाई लागली, ती दिवसभर पुसली न्हाई.

इथवर हसून चाललं होतं. मंग विचारलं, "माणसं किती?" म्हणलं, "दोन. मी अन् बेबीनंदा." "बेबीनंदा कोण लागती?" अहो, गावाला ठाऊक आहे, पण कागदाला ठाऊक न्हाई. म्हणलं, "लेक."

अन् गुरुजींनी पेन ठेवला, कानावरची शिसपेन्सिल काढली.

तुम्हाला सांगतो, ती पेन्सिल कागदाला टेकायच्या आधी मी त्यांचा हात धरला. "लेक म्हणजे जाणारी, बाबा. आम्हाला तसंच शिकवलंय." अहो, जाणारी ती गेल्ती की! टेंभुर्णीला दिल्ती. नवऱ्यानं दुसरी केली, अन् ही पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन वाटूर फाट्यावर एकटी उतरली, त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं माझी भाकर तीच थापती, माझी काठी मी कुठं ठेवली ते तीच सांगती. ढवळ्या मेला त्या दिवशी मी जेवलो न्हाई, तर तीबी जेवली न्हाई. म्हणलं, "गुरुजी, ढवळ्या जातो अन् बैल राहतो, मान्य. मंग लेक जाती अन् बेबीनंदा राहती, हे का चालत न्हाई?"

गुरुजी घाम पुसून राह्यले. "मशीनला बेबीनंदा कळत न्हाई, बाबा. लेक कळती." न कळू दे! मला एवढंच पाहिजे, की माझ्यामागं कोणी तिला दारातून ऊठ म्हणू नये.

तेवढ्यात चुलीपुढून तीच बोलली, "बा, कशाला हुज्जत घालता? लिहू द्या त्यांना काय लिहायचं ते." अन् तो आवाज... फाट्यावर उतरली त्या दिवशी असाच होता.

म्हणलं, "गुरुजी, बाई शाईत कधी असती?" "कुटुंबप्रमुख असली तर. पण घरात कायमचा पुरुष असल्यावर कशी लिहू?"

"अन् पुरुष जाणारा असला तर?"

"तुम्ही कुठं चाललात, बाबा?"

म्हणलं, "सत्तरी झाली. कुठं जाणार, ते काय परतूरला जाऊन शिकायचं?"

गुरुजींनी पेन पुन्हा उचलला. मंग खाली मान घालून लिहिलं अन् मला वाचून दाखवलं. वर शाईत, बेबीनंदा, कुटुंबप्रमुख. खाली शिसपेन्सिलीत, बारीक, भिवा, बाप, जाणारा.

झालं! शेजारची गोजरबाई कुडावरून म्हणती, "भिवाभाऊ, सामान बांधलं का?" बेबीनंदा दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. भाकर मात्र वेळेवर, अन् रोजच्यापेक्षा एक जास्त. माणूस स्वतःच्या घरात शाई का शिसपेन्सिल, हे असं सत्तराव्या वर्षी कळतं...

अन् गुरुजी जाताना त्यांचं खोडरबर बाजेवर विसरून गेल्ते. मी गुपचूप उचललं, वर छपराच्या वाशात खोसून ठेवलं. परवा आल्ते मागायला. "बाबा, माझं रबर द्या जल्दी, बाकीच्या याद्या अडल्यात."

म्हणलं, "एवढी काय घाई, गुरुजी? मी जाईन तेव्हा घेऊन जा."