पांढऱ्या शर्टाचा उजेड

हॅलो?… हां श्रिया, बोल… थांब, थांब, कानात हलव्याचे झुबे आहेत, फोन टेकला की दाणे गळतायत… स्पीकरवर टाकते. हां, बोल आता.

काय?… लाल रिबीन? आपल्या बुटक्याला?… कोणी बांधली?… सुधीर सरांनी?

काही नाही आई, स्टेशनवरून फोन आहे… नाही हो, ठाणे स्टेशन नाही. आमचं गव्हाचं केंद्र. लाल रिबीन बांधली म्हणजे तो गहू नापास, आज कापून गुरांना घालणार.

हो, हो… अगं ऐक ना. बुटका दिसतो, रंगाने फिका दिसतो, सगळं मान्य. पण माझ्या मशीनच्या रीडिंगमध्ये तो सगळ्यात वर आहे ना? आणि यंदा पहिल्यांदा त्याचा अख्खा प्लॉट लावलाय. आत्ता कापला तर एकरी उतारा कळणार कसा? कधीच नाही कळणार.

काय केलं?… काल सरांनी स्वतः मोजलं?… आणि कमी आलं?… एवढं कमी? चार दिवसांत उभं पीक मेलं की काय?

एक मिनिट. आधी मशीन पांढऱ्या पट्टीवर सेट केलेलं का?… केलेलं. ऊन?… लख्ख होतं. मग… श्रिया, सरांनी घातलेलं काय?… अगं कपडे, कपडे!… पाहुणे आलेले म्हणून?… पांढराशुभ्र? आणि सेन्सरला चिकटून उभे?

मग शर्टाला नापास करा म्हणावं, गव्हाला का करताय? सगळा उजेड शर्टाचा गेला आत! सगळ्यांना गडद कपडे घालायला कोण सांगतं? सरच ना?

तू काय घातलंयस आत्ता?… साडी? हॉस्टेलवर पण हळदीकुंकू?… काळी चंद्रकळा! देव पावला गं. जा, आत्ताच्या आत्ता जाऊन परत मोज, ऊन डोक्यावर आहे तोवर. काठाची जर चमकते, पदर आत खोच. बांगड्या काढ… घाबरतेस काय? उर्वीने सांगितलं म्हण. सर आहेत तिथेच?… त्यांना बांधावर उभं कर, लांब… फोन चालू ठेव.

आई, पान किती उजेड परत फेकतं ते आम्ही मोजतो. जोमदार पीक लाल उजेड गिळून टाकतं, आणि आपल्याला न दिसणारा एक उजेड असतो, तो परत फेकतं. त्यावरून दाणा किती भरेल याचा अंदाज येतो… हो, पहिली संक्रांत आहे माझी, माहितेय. बायका आल्या तर वाण तुम्ही द्या ना, प्लीज… अहो, हसताय काय?

हां, बोल… किती?… माझ्याएवढंच? परत घे… परत तेच?… दे. सरांना फोन दे.

नमस्कार सर, उर्वी… हो, कोपरीहून. रजेवर आहे, पण गहू माझा आहे सर… नाही, तुमच्या नजरेला मी नावं ठेवत नाहीय. अर्धे वाण त्या नजरेनेच निवडलेत. पण जो उजेड डोळ्याला दिसतच नाही, तो नजरेने कसा पारखणार?… नाही सर… नाही म्हणतेय मी. तो कापणीपर्यंत उभा राहील. मळू, तोलू. कमी भरला तर तुमच्यासमोर मी टाकून देईन, आणि परत मशीनचं नाव काढणार नाही. पण न तोलता नाही… चालेल, करा तक्रार. त्यात शर्टाचंही लिहा…

हॅलो?… सर?… ‘बघू’ नको सर. हो म्हणा…

थँक्यू सर.

श्रिया? सोड ती रिबीन. त्यांच्यासमोर सोड… पास झालेल्यांची पांढरी नाहीय तिथे? मग गजरा बांध केसातला… अगं, दुसरा मिळेल तुला!… बांधलास?… घट्ट बांध. मी रडत नाहीय, झुबा तुटला… हॅलो? श्रिया?… गेली रेंज.

आले, आई… हो, हो, तोंड पुसते… कोण, तो? नाही कापला.

उभा आहे.