माळावरचे उंबरठे

अध्यक्षमहाराज भाऊसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले सन्मान्य पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती ओव्हरसियर हरिहरपंत, कामकरी वस्ती सल्लागार मंडळातले माझे सहकारी, ठाण्याहून मुद्दाम आलेले स्नेही, आणि डोंबिवली-कोपरकडून पायी आल्यामुळे मागे भिंतीला टेकून बसलेले गृहस्थहो,

मला या गावात सगळे त्र्यंबकमास्तर म्हणतात. जन्मभर शाळेत बोलत आलो, त्यामुळे थांबायची सवय नाही. भाऊसाहेबांना ते ठाऊक आहे. म्हणून वर चढताना त्यांनी माझा हात धरून सांगितले, "मास्तर, आज निरोपाचे बोला. माळाचे नको." मी बरे म्हणालो आहे. अध्यक्षांचा शब्द मोडण्याचे धैर्य मंडळात कोणालाच नव्हते, ते मला आज या वयात कुठून येणार?

तर निरोपाचे. हरिहरपंतांची बदली धारवाडास झाली. का झाली, ते मी सांगणार नाही, कारण मला ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे ते या समारंभाला आलेले नाहीत. पंत मूळचे चिपळूणकडचे. कल्याणात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. ते इथल्या चुन्यात आणि धुरळ्यात गेले. सरकारी कामातला माणूस, पण कोणाच्या घरी पाणीसुद्धा मागून प्यायला नाही. त्यांना रागावलेले मी एकदाच पाहिले. मंडळाच्या बैठकीत आमचे सभासद, वखारवाले बाळशेट म्हणाले होते, की सांधेवाल्यांना घरे कशाला, त्यांची बायकामाणसे गावी राहतात, पुरुषांना पडायला एक लांब पडवी पुरे. तेव्हा पंतांनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली आणि विचारले, "बाळशेट, तुमच्या तबेल्यात घोड्यांना तरी वेगळे ठाण आहे ना?" बाळशेट आज पुढच्याच रांगेत बसले आहेत, हसत आहेत. आम्हां मंडळींत मनाच्या मोठेपणाची कधी उणीव नव्हती.

हे मंडळ म्हणजे काय, हे नव्या मंडळींना सांगायला हवे. राणीसरकारच्या ज्युबिलीच्या वर्षी आमची नेमणूक झाली. आगगाडीच्या यार्डात राबणारी माणसे, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, कोळसा ओढणारे, इंजिने धुणारे, खाडीच्या काठाला झोपड्या करून राहत. उधाणाचे पाणी चुलीत शिरे. यार्डात हाक पडली की या लोकांनी हजर व्हायचे, म्हणून त्यांना लांब राहून चालत नाही. आणि जवळ जे भाडे आहे ते त्यांच्याच्याने देववत नाही. तेव्हा त्यांना परवडेल अशी चाळ कुठे आणि कशी बांधावी, याचा सल्ला आम्ही द्यायचा होता. केवळ सल्ला. बांधायचा अधिकार आम्हाला नाही, जागा आमची नाही, दगडही आमचा नाही. आम्ही सल्ला पाठवायचा, वरच्या कचेरीकडून पोच यायची, मग आम्ही त्या पोचेवर विचार करायला बसायचे.

आणि आम्ही बसलो हो, प्रामाणिकपणे बसलो. पडवी किती रुंद असावी, धुराडे कोणत्या दिशेला काढावे, सकाळचे ऊन स्वयंपाकात यावे की माजघरात. विहीर एक असावी की तीन, या प्रश्नावर आमचा एक आख्खा हिवाळा गेला, आणि तो कसा गेला हे सांगायची मला आज लाज वाटते. पण नकाशा झाला. हरिहरपंतांनी तो स्वतःच्या हाताने काढला. स्टेशनापलीकडच्या माळावर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये अंगण. वरचे साहेब एकदा येऊन माळावर उभे राहिले, नकाशा पाहून त्यांनी मान डोलावली. साहेबांनी मान डोलावली म्हणजे मंजुरी आलीच, अशी आमची खात्री पटली. आता भूमिपूजन करायला हरकत नाही, असे एकमताने ठरले.

भाऊसाहेब, मी माळाकडे वळतो आहे असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मी पंतांचे गुणच सांगतो आहे.

भूमिपूजनाला यजमान कोण, इथे अडले. चाळ कंपनीची, पण कंपनी विलायतेत. जमीन सरकारची, पण सरकारने पाटावर बसून आचमन कसे करावे? भाऊसाहेब बसायला तयार होते, तर भटजींनी हरकत घेतली. म्हणाले, ज्याला त्या वास्तूत राहायचे आहे तोच यजमान, दुसऱ्याने केलेली पूजा त्याला लाभत नाही. आम्हाला ते पटले. कोणाला पटणार नाही? मग प्रत्येक बिऱ्हाडाने जोडीने पूजा करायची ठरले. पण पूजा कशाची करणार? उघड्या माळावर कोणते बिऱ्हाड कुठे बसणार? तेव्हा हरिहरपंतांनी यार्डातून टाकून दिलेले, रुळांखालचे सागाचे स्लीपर मागून आणले, ते कापून खोलीगणिक एक उंबरठा केला आणि नकाशाप्रमाणे जमिनीत बसवला. भिंतींच्या जागी चुन्याच्या रेघा मारल्या. पाया घालायची मंजुरी नव्हती, पण उंबरठ्याला कोण मनाई करणार?

गेल्या वैशाखातली ती सकाळ तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. फाटल्या लुगड्यांना गाठी मारून बायका आल्या, नवरे डोक्याला पागोटे बांधून. एकेका उंबरठ्यावर हळदकुंकू, नारळ, दिवा. महिपत सांधेवाला माझ्या ओळखीचा, खडवलीकडचा. त्याची बायको गोदूबाई जुन्या झोपडीतल्या चुलीतला विस्तव खापरात घालून घेऊन आली होती. तिचे पाहून सगळ्यांनी तसेच केले. आमच्या मंडळातल्या सभासदांचे डोळे भरून आले. भाऊसाहेबांनी भाषण केले, ते फार सुरेख झाले. नंतर आम्ही पानसुपारी घेऊन घरी आलो. आणि ती माणसे तिथेच राहिली.

ते जाणार तरी कुठे? ज्या चुलीतला विस्तव उचलून नव्या उंबरठ्याच्या आत नेला, त्या चुलीवर पुन्हा भाकरी भाजायची नसते, हे या सभेतल्या कोणाला माहीत नाही? आम्हीच त्यांना यजमान केले. आम्हीच उंबरठा पुजून घेतला. आता भिंती यायच्या तेव्हा येतील, असे म्हणून त्यांनी खाडीकाठच्या झोपड्या मोडल्या आणि तेच बांबू, त्याच झावळ्या आणून आपापल्या रेघांच्या आत आडोसे केले. खाडीकाठच्या त्या जागेवर दुसऱ्याच आठवड्यात कोणी दगडाची वखार घातली. ती जागा संपली.

मी एकदा दुपारचा हरिहरपंतांबरोबर तिकडे गेलो होतो. गोदूबाई भाकरी थापत होती. तिला हाक मारून मी सरळ तिच्याकडे निघालो, तर ती म्हणाली, "मास्तर, भिंतीतनं नका येऊ. दारानं या." मी खाली पाहिले. चुन्याची रेघ माझ्या जोड्याखाली होती. मी मागे फिरलो, वळसा घातला, उंबरठ्याबाहेर जोडा काढला आणि आत गेलो. आत म्हणजे काय? वर आकाश, बाजूला पोत्याचा पडदा. तिने मला पाट दिला. महिपत रात्रपाळी करून निजला होता, तो उठून बसला. मी त्याला विचारले, "काय महिपत, बरं आहे ना?"

"बरं आहे की. भिंत नाही, पण घरात बसलोय असं तर वाटतं," तो म्हणाला. "पंत, भिंत कधी यायची?"

पंत म्हणाले, "सल्ला पाठवला आहे."

"मग येईलच," महिपत म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला. एवढा विश्वास आमच्यावर आमच्या घरच्यांनीसुद्धा कधी ठेवला नाही.

पावसाळ्यात त्या माळावर काय झाले, ते मी सांगत नाही. चिखल तुम्हाला ठाऊक आहे. पण दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी मी फिरायला गेलो, तर पंत एकटेच धोतर खोचून, घमेल्यात चुना घेऊन वाकलेले. मी म्हटले, "पंत, हे काय आरंभलेत?" ते जरा ओशाळले. म्हणाले, "पावसात रेघा धुऊन गेल्या, मास्तर. बायका म्हणतात, भिंत पुसली, पुन्हा घालून द्या. मला दुसरं काय घालून देता येतंय?" कंबरेला हात लावून ते पुढच्या खोलीकडे सरकले. सरकारी कामात असली कामे कोणी लिहून घेत नाही, म्हणून मी ती आज या सभेपुढे बोलून दाखवली.

भाऊसाहेब, आपण घड्याळ पाहता आहात. मी आवरते घेतो.

कार्तिकात वरच्या कचेरीचे उत्तर आले. ते मनाला लागावे असे अजिबात नव्हते, फार सौजन्याने लिहिलेले होते. मंडळाचा सल्ला उत्तम आहे, असेच काम पुढे निघाले तर तो अवश्य ध्यानी घेऊ. तूर्त माळ रुळांसाठी लागणार असल्यामुळे संक्रांतीच्या आत मोकळा करून द्यावा. मंडळाचे काम पूर्ण झाले असून सभासदांचे आभार. भाऊसाहेब या वयात स्वतः ठाण्याला गेले, मोठ्या साहेबांसमोर हात जोडून बोलले. ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि पंतांचा नकाशा चौकटीत बसवून आपल्या कचेरीत लावला आहे तो कौतुकाने दाखवला. नकाशाला तेवढी भिंत मिळाली.

आम्ही काही केले नाही असे नाही. अर्ज केले. दुसरी जागा सुचवली. बाळशेटांनी आपल्या वखारीचा मागचा भाग देऊ केला, पण तिथे चार बिऱ्हाडे मावतील, आणि कोणती चार, हे ठरवायला आम्ही बसलो तेव्हा कोणालाच पहिले नाव उच्चारता येईना. शेवटी चहा पिऊन उठलो. महिपत खडवलीला परत गेला तर यार्डातली हाक त्याला ऐकू येणार नाही, आणि हाक ऐकू न आलेल्या सांधेवाल्याला कोणी दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. इथे राहील तर उघड्यावर पडेल. हे दोन्ही आम्हाला समजते. समजून आम्ही काय करणार? मंडळ सुरू असतानाही आमच्या हातात सल्ल्यापलीकडे काही नव्हते, आता तर मंडळही नाही. हा निरोप निमंत्रणात पंतांचा म्हणून छापला आहे, पण खरे पाहता आज आम्हां सर्वांचाच आहे.

आता एक शेवटचे. हे बोलायचे की नाही, याचा मी जेवतानाही विचार करत होतो.

आज सकाळी हरिहरपंत माळावर निरोप घ्यायला गेले होते. मी बरोबर होतो. आडोसे सोडायला सुरुवात झाली आहे. बांबू मोळ्या करून ठेवलेत. गोदूबाई उंबरठा धूत होती. पंतांना पाहून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "पंत, एक इचारायचं होतं. जाताना ह्यो उंबरा काढून न्यायचा का हितंच ऱ्हाऊ द्यायचा? माझ्या हातानं पुजलाय. त्याच्यावरनं रूळ गेल्याला मला नाय बघवायचं."

पंत चष्मा पुसायला लागले. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, भटजींना विचारून सांगतो. आणि विचारले. भटजी विद्वान आहेत, त्यांनी पोथ्या काढल्या. म्हणाले, पुजलेला उंबरठा उपटू नये. पुजलेला उंबरठा मागे टाकून जाऊ नये. घर पडले तर काय करावे हे सांगितलेले आहे, घर विकले तर काय करावे हेही आहे. परंतु न बांधलेले घर सोडावे लागले तर काय, याचा विचार पूर्वी कोणी केलेला दिसत नाही.

मंडळी, ज्युबिलीपासून आम्ही सल्ला देत आलो. न मागणाऱ्यांना दिला, न वाचणाऱ्यांना पाठवला. इतक्या दिवसांत आपण होऊन आमच्याकडे सल्ला मागायला आलेले हे पहिलेच माणूस. आणि आमच्यापाशी तिला द्यायला काही नाही. मी सभासदांना एकेकट्याला विचारून पाहिले. कोणी म्हणाले, घेऊन जा म्हणावे. नेऊन लावणार कुठे? कोणी म्हणाले, खाडीत सोडावा. सागाचे लाकूड आहे, भरतीबरोबर तिच्याच जुन्या झोपडीच्या काठाला परत येईल.

असो. हरिहरपंत, धारवाडची हवा कोरडी आहे, तुमच्या संधिवाताला मानवेल. वहिनींना आणि मुलींना आमचे आशीर्वाद. तिकडे कोणी नकाशा काढायला सांगितला तर काढा, तुमचा हात तसा दुसऱ्या कोणाचा नाही. अध्यक्षांनी मला बोलू दिले, त्यांचे आभार. त्यांना दिलेला शब्द मी पाळला नाही, तो राग त्यांनी घरी गेल्यावर विसरावा. ठाण्याच्या ज्या पाहुण्यांनी तसदी घेतली, दिवाबत्तीची सोय ज्यांनी केली, बिछायत ज्यांनी दिली, त्या सर्वांचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात कोणाचे नाव राहिले असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्या मास्तराचे म्हणून पोटात घाला.

अत्तरगुलाब आणि पानसुपारी दाराशी मांडली आहे. गोदूबाई सायंकाळपासून तिथेच, या दाराच्या उंबरठ्याबाहेर बसली आहे. आत ये म्हटले तर येत नाही. म्हणते, उत्तर मिळाले की जाईन. या सभागृहाला दार एकच आहे. आपण सर्वांनी सावकाश, एकेकाने जावे.