गोरीपान नात

मिस्बाह आपल्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, बाळाच्या लशीसाठी कोपरखैरण्याच्या दवाखान्यात आली होती. पुस्तक हातात, कान मात्र समोरच्या बाकड्यावर. तिथे बोनकोड्याच्या सगुणाबाई, त्यांची सून संध्या आणि सुनेच्या मांडीवर पाच दिवसांची पोर. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते : कावीळ वाढलीय, आजच ॲडमिट करा, निळ्या लाईटखाली ठेवू.

"कावील? डोला फुटलाय त्या डॉक्टरचा! केतकीसारखी गोरी हाय माजी नात. आमचे घरान पयलीच!"

"आई, काल नुसतं तोंड पिवळं होतं. आज पार पोटरीपर्यंत आलंय."

"पिवला नाय, गोरा बोल. तुज्या माहेरी कदी बगितला असशील तं कलंल ना!"

"दूधही ओढत नाही. नुसती झोपून असते."

"गुनाची हाय. तुज्यासारखी किरकिर नाय करत."

"असंच वाढलं तर मेंदूला धोका आहे म्हणाले."

"बिल वाढवाचं धंदं! लाईटीखाली उघरी ठेवली तं काली परंल. मंग लगनाला कोन करील हिला?"

"तो लाईट म्हणजे ऊन नाही, आई. आणि हिचे डोळे बघा."

"काय झाला डोल्यांना?"

"पांढरं होतं ते सगळं हळदीसारखं झालंय. डोळ्यांनाही गोरेपणाच आला का?"

संध्या पोरीला छातीशी धरून उठली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे वळली.

"कुठं निंगाली? माज्या पोराला, धनेशला काय सांगू मी?"

"सांगा, काळी तर काळी, पण पोर घेऊनच घरी येईन."