पोटातला आवाज

मुलुंडला घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी मासे विकणारी एक बाई होती आणि तिची कॉलेज संपवलेली मुलगी. मुलीचा आवाज पार बसला होता.

"कल्पिता, फुटबॉल पायाने खेळतात ना? मग घसा कसा बसला?"

"मी डिफेन्सला असते, आई. मागून सगळं दिसतं, म्हणून सगळ्यांना ओरडून सांगावं लागतं."

"कॉलेजात तर पुढे खेळायचीस."

"एकदा चिडून सगळ्यांवर ओरडले, तर सरांनी मागेच घेतलं. म्हणाले, हा आवाज मागे पाहिजे."

"आणि आता केरळच्या क्लबात निवडीला गेलीस, तिथल्या पोरींना तुझं मराठी कळलं?"

"ट्रायलला आधी हिंदीत ओरडले. कोणी ढुंकून बघेना. मग तू बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारतेस ना, तशी मारली. सगळ्या वळल्या."

"म्हणून घेतलं तुला क्लबात?"

"म्हणूनपण."

"मला वाटलेलं, शिकलीस की कुठेतरी एसीत बसून हळू बोलशील. माझ्यासारखं ओरडायला नको."

"मला आवडतं गं ते."

"आवडतं, आणि एका ट्रायलमध्ये वाट लावून आलीस घशाची."

"तुझा कसा कधी बसत नाही?"

"तू गळ्यातून ओरडतेस. आवाज पोटातून काढायचा. हात दे तुझा. इथे, माझ्या पोटावर ठेव."

"आई, इथे नको ना. लोक बघतायत."

"बघू देत. तिकडे केरळात कोण दाखवणार तुला?"